भंगारातल्या गाडीची टाकी रिकामी करताना

“टाकी रिकामी आहे, लावू का कटर?”

गॅरेज आणि भंगाराच्या कामात माझी बावीस वर्षं गेली. या प्रश्नाची मला जेवढी भीती वाटते, तेवढी भरलेल्या टाकीची कधी वाटली नाही.

सुरुवातीच्या काळात मी एका यार्डात फिटर होतो. एका जुन्या मारुती ८०० ची टाकी संध्याकाळी उतरवली, नळीने पेट्रोल काढलं, टाकी उलटी करून शेवटचे थेंबही डब्यात घेतले, टाकी भिंतीकडेला ठेवली आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी कटिंगच्या पोराने ती ज्योतीच्या कटरने कापायला घेतली. आत ओतण्यासारखं काहीच नव्हतं, तरी टाकी फुटली. पत्र्याची एक बाजू सुटून आली आणि त्या पोराच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. टाकी मी उपसलीय, पण ती कापण्याजोगी नाही, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. पुढची सगळी पद्धत मी त्या दिवसानंतर शिकलो. दारात वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी मोडीत काढणारे मालक, छोट्या गॅरेजमधले मेकॅनिक आणि भंगाराच्या वखारीत काम करणारी पोरं, या सगळ्यांसाठी ती इथे लिहितो आहे.

पेटते ती वाफ

पेट्रोल ओलं असताना पेटत नाही, त्याच्यावर सुटलेली वाफ पेटते. आणि ही वाफ सुटायला उन्हाची गरज लागत नाही. शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं. म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीतल्या पहाटेही ते तयारच असतं.

मात्र वाफ पेटायला तिच्यात हवा ठरावीक प्रमाणात मिसळावी लागते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ टक्के ते ७.६ टक्के असली की ठिणगी पुरते. त्यापेक्षा कमी असेल तर मिश्रण पातळ, जास्त असेल तर इतकं दाट की जळायला हवाच उरत नाही. भरलेल्या टाकीत वरच्या मोकळ्या जागेत वाफ बहुधा दाट असते. टाकी उपसली की तिच्या जागी हवा शिरते आणि मिश्रण नेमकं त्या घातक पट्ट्यात येऊन बसतं.

हिशेब करून बघा. २८-३० लिटरच्या छोट्या टाकीत पेटण्याजोगं मिश्रण तयार व्हायला साधारण अर्धा चमचा पेट्रोल लागतं. अर्धा चमचा! टाकी कितीही उलटी करा, आतल्या शिवणीत, कप्प्याच्या पत्र्यामागे, पंपाच्या जाळीत, गंजाच्या पापुद्र्याखाली तेवढं राहतंच. म्हणून ‘थेंब येत नाही’ म्हणजे ‘टाकी सुरक्षित’ असं कधीच धरू नका.

ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी जमिनीलगत उताराकडे वाहते. गटारात, गॅरेजच्या खड्ड्यात, शेजारच्या खोलीच्या उंबऱ्याखालून आत. एक लिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तर ती दहा हजार लिटरहून जास्त हवा पेटण्याजोगी करू शकते, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या दहा टाक्या मावतील एवढी जागा. वीस फुटांवर बिडी ओढणाऱ्याने गाडीला हात न लावताही आग लागते ती यामुळेच.

डिझेलबद्दल लोक निर्धास्त असतात. आपल्याकडच्या डिझेलला पेटण्याजोगी वाफ सोडायला किमान ३५ अंश तापमान लागावं असं मानक आहे. हा आकडा कोकणातल्या जानेवारीत धीर देतो. पण विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि उन्हात तापलेल्या ट्रकच्या टाकीतलं डिझेल त्याहून गरम असतं. शिवाय कटरची ज्योत टाकीला लागली की आतला डिझेलचा चिकट थर तिथल्या तिथे वाफ होतो. ‘डिझेलच आहे’ म्हणून कापलेली पिंपंही फुटतात.

हे काम तुम्ही करायचं का?

गाडी नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात जाणार असेल तर टाकीला हात लावू नका, गाडी आहे तशी द्या. केंद्र सरकारने २०२१ मध्ये अशा केंद्रांसाठी नियम काढले. तिथे गाडी तोडण्याआधी इंधन, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, एसीचा गॅस आणि बॅटरी बाहेर काढणं हा कामाचा पहिला टप्पा आहे, आणि त्यासाठी गळती न झिरपणारी फरशी, बंद पंप, वेगळ्या टाक्या असं सगळं लागतं. गाडी जमा केल्याचा दाखला मिळतो, त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत असते आणि आरसी रद्द करण्याचं कामही रीतसर होतं. १ एप्रिल २०२५ पासून मुदत संपलेल्या वाहनांसाठी वेगळे पर्यावरण नियमही लागू झालेत. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा गावाकडच्या वखारीला गाडी देणाऱ्यांनीही हा पर्याय आधी पाहावा.

सीएनजी किंवा एलपीजी किट असलेल्या गाडीच्या गॅसकडे वळूच नका. सीएनजीच्या सिलिंडरमध्ये दाब २०० बारपर्यंत असतो. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून अंदाज घ्या. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि किट बसवणाऱ्या अधिकृत माणसाकडून तो उतरवून घ्या. पाना लावून ‘थोडा थोडा गॅस सोडतो’ हा प्रकार मी पाहिला आहे, तो करू नका. अशा गाडीत पेट्रोलची टाकीही असते हे मात्र विसरलं जातं.

अपघातात टाकी चेपली किंवा चिरली असेल, गाडी अर्धवट जळालेली असेल, पुराच्या पाण्यात बुडालेली असेल, तरीही स्वतः करू नका. हायब्रीड गाडी असेल तर जास्त दाबाच्या विजेचा प्रश्न आधी येतो, ते काम त्याच गाडीचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं.

राहिली साधी पेट्रोल किंवा डिझेलची गाडी, शाबूत टाकीची, मोकळ्या जागेत उभी. ती घरच्या माणसाने किंवा छोट्या गॅरेजने रिकामी करता येते, फक्त घाई नको.

कायद्याची एक गोष्ट लक्षात असू द्या. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल विनापरवाना जास्तीत जास्त ३० लिटरपर्यंत जवळ ठेवता येतं, तेही घट्ट झाकणाच्या भांड्यात, आणि पत्र्याचं भांडं २५ लिटरपेक्षा मोठं नको. एका गाडीचं उरलेलं इंधन यात बसतं. वखारीत दहा गाड्यांचं एकत्र साठवलं की बसत नाही.

जागा आणि वेळ

उघड्यावर, सपाट, सावलीच्या जागी. शेडमध्ये नको, पार्किंगच्या तळघरात तर मुळीच नको, आणि गाडी खड्ड्यावर घेऊन खालून काम करायची सवय या कामापुरती सोडा. खड्डा म्हणजे वाफेसाठी तयार विहीर. गाडीखाली गटाराचं तोंड किंवा चेंबर असेल तर गाडी ढकलून दुसरीकडे घ्या.

वेळ सकाळची, ऊन चढायच्या आधी. वारा हलका हवा. अगदी पडलेला नको, कारण वाफ साचते. वाऱ्याकडे पाठ येईल असं उभं राहा आणि वारा पुढे कुठे जातो ते चालत जाऊन बघा. मी निदान पन्नास फूट फिरून बघतो: चुली, देवापुढचा दिवा, चहाची टपरी, वेल्डिंगचं दुकान, आपोआप चालू होणारी पाण्याची मोटर. शेजाऱ्यांना सांगून ठेवा. तासाभरासाठी अगरबत्ती विझवायला कुणी नाही म्हणत नाही.

एकट्याने करू नका. दुसरा माणूस हवाच, आणि त्याचं काम बघणं एवढंच: लहान मुलांना लांब ठेवणं, बिडी-सिगारेटवाल्याला अडवणं, अग्निशामक हातात तयार ठेवणं. त्याने पाना धरायला वाकायचं नाही.

सामान

सगळ्यात आधी भांडं. पेट्रोलसाठी पत्र्याचा जेरी कॅन, घट्ट झाकणाचा. रंगाची प्लास्टिकची बादली, पाण्याची बाटली, रॉकेलचा जुना डबा, यातलं काही चालत नाही. पेट्रोल नळीतून वाहताना स्थिर वीज तयार होते. पत्र्याच्या भांड्यातून ती जमिनीत उतरवता येते, प्लास्टिकच्या बादलीत साठून राहते, आणि तोंडावर खुली वाफ असते. कॅन काठोकाठ भरू नका. वीस लिटर पेट्रोल सकाळच्या वीस अंशांवरून दुपारच्या पंचेचाळीस अंशांवर गेलं तर जवळपास अर्धा लिटर फुगतं.

उपसण्यासाठी पिंपाला लावतात तो हाताने फिरवायचा पंप किंवा पेट्रोल सहन करणाऱ्या रबराचा, मधे फुगा असलेला हातपंप. घरोघरी रॉकेल काढायला जो प्लास्टिकचा दाबायचा पंप असायचा, तो पेट्रोलला वापरू नका. त्याचं प्लास्टिक मऊ पडतं, सांधे गळतात आणि स्थिर वीजही तयार होते. यार्डात रोज काम असेल तर हवेवर चालणारा डायफ्रॅम पंप घ्या. त्यात विजेची मोटर नसते. पाण्याची छोटी मोटर, ड्रिलला लावायचा पंप, व्हॅक्यूम क्लीनर यांच्या आतच ठिणग्या पडत असतात.

तोंडाने नळी ओढायची नाही. हे वेगळं लिहावं लागतं, कारण अजूनही जिथे तिथे हेच चालतं. पोटात गेलेल्या पेट्रोलपेक्षा फुप्फुसात गेलेलं घोटभर पेट्रोल जास्त वाईट. त्याने फुप्फुसाला आतून सूज येते आणि माणूस दवाखान्यात जातो. त्यात पेट्रोलमध्ये बेंझीन असतं. भारत स्टेज ६ च्या मानकानुसार ते एक टक्क्यापर्यंत चालतं, पण रोज रोज अंगात जाण्यासारखी ती वस्तू नाही.

बाकी सामान साधं आहे. सहा किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक, त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते बघून. कोरड्या वाळूच्या दोन बादल्या. नायट्राइलचे हातमोजे, कारण साधं रबर पेट्रोलने फुगतं. डोळ्यांना गॉगल. अंगात सुती कपडे. पॉलिस्टरचा शर्ट, नायलॉनचं जाकीट नको. मोबाइल खिशातून काढून लांब ठेवा. उजेड कमी असेल तर काम दुसऱ्या दिवशी करा, हॅलोजन लावू नका.

आणि दोन तारा, दोन्ही टोकांना मजबूत चाप असलेल्या. याबद्दल पुढे.

गाडीची तयारी

इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण थंड हवेत. गाडी चालवत किंवा टोइंगच्या आधी चालू करून आणली असेल तर तीन-चार तास तशीच सोडा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या नळीतला धूर स्वच्छ करणारा डबा, खूप तापतो आणि कित्येक गाड्यांत इंधनाची नळी त्याच्याजवळूनच जाते.

पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत नळीत साधारण तीन बारचा दाब असतो आणि गाडी बंद केल्यावरही तो बराच वेळ टिकतो. इंजिन चालू होत असेल तर इंधनपंपाचा फ्यूज काढा, इंजिन चालू करा आणि ते आपोआप बंद पडू द्या, दाब उतरतो. हे सगळं टाकीचं झाकण उघडायच्या आधी, आणि नंतर पुन्हा गार व्हायला वेळ. इंजिन बंद पडलेली गाडी असेल, आणि भंगारातल्या बहुतेक असतात, तर नळीचा सांधा शेवटी सोडताना त्यावर जाड फडकं गुंडाळून हळूहळू सोडायचा.

मग बॅटरी. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, आणि बॅटरी सरळ उचलून गाडीपासून लांब नेऊन ठेवा. टर्मिनल सोडताना ठिणगी पडू शकते, म्हणून हे काम इंधनाला हात लावण्याआधीच उरका. काही गाड्यांत बॅटरी मागच्या डिकीत किंवा सीटखाली असते, आणि जीपीएस-अलार्मला वेगळी छोटी बॅटरी असते. ती शोधा.

चाकांना ठोकळे लावा. गाडी उचलायची असेल तर जॅकवर विश्वास ठेवून खाली शिरू नका, दोन्ही बाजूंना घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, लावा. वखारीत गाडी विटांवर ठेवतात. वीट अचानक चुरते, ओंडका चालेल पण वीट नको.

आता तारा. एक तार गाडीच्या उघड्या पत्र्यापासून जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला. सळई फूटभर तरी खोल आणि भोवती पाणी ओतून माती ओली. दुसरी तार गाडीच्या पत्र्यापासून कॅनला. पंप धातूचा असेल तर त्यालाही त्याच साखळीत घ्या. चाप रंगावर लावला तर उपयोग नाही, सँडपेपरने घासून चकचकीत पत्रा काढा. मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात स्थिर वीज जास्त त्रास देते, तिथे ही पायरी अजिबात वगळू नका. तारा आधी लावायच्या, कॅनचं झाकण नंतर उघडायचं. सगळं संपल्यावर उलट: आधी झाकण बंद, मग तारा सोडायच्या.

आत नक्की काय आहे?

टाकीच्या झाकणामागचं लेबल आणि आरसी बघा. तरीही खात्री धरू नका. उभ्या गाडीत कुणीतरी चुकून डिझेल ओतलेलं असतं, कुणी रॉकेल मिसळलेलं असतं. मिश्र इंधन पेट्रोलच समजा. लिटरभर पेट्रोल डिझेलमध्ये मिसळलं तरी त्या डिझेलचा पेट घ्यायचा स्वभाव बदलतो.

दोन पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीत पाणी असणारच. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी जास्त झालं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला जातं. कॅनमध्ये खाली वेगळा थर दिसेल. तो नुसतं पाणी समजून मातीत ओतू नका, त्यात इथेनॉल असतं आणि तोही पेटतो.

काटा शून्यावर असेल तरी टाकीत काही लिटर असू शकतात. ज्या गाड्यांत मागच्या चाकांना जाणारा दांडा टाकीच्या मधून जातो, त्यांची टाकी खोगिरासारखी दोन कप्प्यांची असते. एक बाजू उपसली की दुसरी भरलेलीच राहते. फोर बाय फोर गाड्यांत हे हमखास तपासा.

उपसणं

झाकण एकदम उघडू नका. अर्धा आटा फिरवा, फुस्स आवाज थांबेपर्यंत थांबा, मग काढा. चेहरा तोंडापासून बाजूला.

फिलरमधून, म्हणजे इंधन भरायच्या तोंडातून, नळी घालणं सगळ्यात सोपं, पण नव्या गाड्यांच्या फिलरमध्ये जाळी किंवा झडप असते. नळी अडली की जोर लावून, तार खुपसून ती तोडू नका. घासून ठिणगी पडते आणि नळीचं टोक आत अडकतं. दुसरा रस्ता धरा.

बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागच्या सीटचा खालचा भाग उचलला की पत्र्याचं किंवा रबराचं गोल झाकण दिसतं. त्याखाली इंधनपंपाचं तोंड असतं. मला हीच जागा पसंत आहे, कारण वरून टाकीचा तळ दिसतो, नळी कोपऱ्यात नेता येते आणि दोन्ही कप्पे उपसता येतात. धोका एकच, पण मोठा: वाफ गाडीच्या आत साचते. म्हणून चारी दारं आणि डिकी सताड उघडी, आणि झाकण उघडून पाच-दहा मिनिटं बाहेर थांबा. बाहेर थांबा म्हणजे खरंच बाहेर, सीटवर बसून नाही. पंपाचा प्लग बॅटरी निघालेली असतानाच ओढा. पंप बसवलेली मोठी रिंग हातोडी-छिन्नीने फिरवायची पद्धत आहे. लोखंडी छिन्नीऐवजी लाकडाचा ठोकळा किंवा पितळेचा दांडा घ्या. पंप बाहेर काढताना त्याच्या भांड्यातच पाव-अर्धा लिटर पेट्रोल असतं, ते सीटवर सांडतं. खाली ट्रे धरा.

जुन्या गाड्यांच्या आणि ट्रकच्या टाकीला खाली ड्रेन बोल्ट असतो. बोल्ट बरेचदा गंजलेला असतो, आणि गंजलेला बोल्ट अचानक सुटला की धार हातावर, बाहीत आणि काखेत जाते. त्यामुळे आधी वरून जमेल तेवढं उपसा आणि उरलेल्या थोड्यासाठीच बोल्ट सोडा. खाली रुंद पत्र्याचा ट्रे, तो ट्रेही तारेने जोडलेला. बोल्टवर पेटता टॉर्च, हीटगन, ग्राइंडर काही लावायचं नाही. निघाला नाही तर नाही, राहू द्या.

विजेच्या ड्रिलने टाकीला भोक पाडणं हे मी पाहिलेल्या सगळ्या प्रकारांत वाईट. मोठ्या केंद्रांत टाकीला भोक पाडूनच इंधन काढतात, पण तिथलं यंत्र हवेवर चालतं, त्याचं टोक ठिणगी न पाडणाऱ्या धातूचं असतं आणि भोवती घट्ट बसणारं रबर असतं, त्यामुळे वाफ बाहेर येतच नाही. ते यंत्र म्हणजे आपलं ड्रिल नव्हे.

कशीही काढा, नळीचं बाहेरचं टोक कॅनच्या तळाला टेकलेलं असू द्या. वरून धबधब्यासारखं ओतलं की फेस, शिंतोडे आणि स्थिर वीज तिन्ही वाढतात. पहिला लिटरभर अगदी सावकाश, टोक बुडाल्यावर जरा वेग वाढवला तरी चालतो. कॅन भरला की झाकण लावून लांब सावलीत, आणि मगच दुसरा घ्या. डोकं जड झालं, मळमळलं, घसा खवखवला तर काम थांबवून वाऱ्याला जा. वास येईनासा झाला तर तो शुभ संकेत नाही, नाक बधिर झालेलं असतं.

टाकीबाहेर उरलेलं

लोक इथेच थांबतात. इंजिनपर्यंत जाणाऱ्या नळ्यांत, परतीच्या नळीत आणि फिल्टरमध्ये मिळून चांगलं कपभर इंधन असतं. फिल्टरचे सांधे फडक्याखाली हळूहळू सोडा, गॉगल काढू नका. फिल्टर उलटा करून कॅनमध्ये रिकामा करा आणि फेकू नका, त्याचा कागद महिनाभर वास सोडतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत बाउलखालचा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या वाटीखालचा, छोटा स्क्रू सोडा. डिझेलच्या फिल्टरखाली पाणी काढायचा स्क्रू असतो, तिथून.

पेट्रोल गाडीत कोळशाने भरलेला एक काळा डबा असतो, चारकोल कॅनिस्टर. टाकीची वाफ शोषणं हे त्याचं काम, त्यामुळे तो वाफेने भरलेलाच असतो. नळ्या काढून तो वेगळा ठेवा, कटिंगच्या ढिगात जाऊ देऊ नका.

उपसलेल्या टाकीचं काय?

माझा नियम एकच आहे: तिला ज्योत नाही, ग्राइंडर नाही, वेल्डिंग नाही. टाकी सगळी तोंडं बंद करून, म्हणजे रबरी बुच किंवा गच्च कापडी बोळे आणि वर टेप लावून, पट्टे सोडून अख्खी उतरवा आणि अख्खीच द्या. तोंडं उघडी ठेवून उन्हात ‘वाळवायची’ पद्धत चुकीची आहे. हवा आत-बाहेर होते आणि मिश्रण दिवसभर घातक पट्ट्यात राहतं. माझ्या त्या टाकीचं हेच झालं होतं.

पाण्याने एकदा विसळली म्हणजे झालं, असंही नाही. चिकट गाळ आणि जुन्या पेट्रोलचा वार्निशसारखा थर तसाच राहतो आणि गरम झाला की पुन्हा वाफ सोडतो. प्लास्टिकच्या टाकीच्या भिंतीत पेट्रोल मुरलेलं असतं आणि ते दिवसेंदिवस बाहेर येत राहतं. जिथे टाकी कापणं भागच असतं, तिथे वाफेने धुणं, नायट्रोजनसारखा न जळणारा वायू भरणं, वायुमापक मीटरने आत तपासणं आणि मीटर शून्य दाखवेल तेव्हाच काम, असा क्रम असतो. आणि काम चालू असतानाही मीटर पुन्हा पुन्हा लावतात. मीटर नसेल तर टाकी कापू नये. तोंडापर्यंत पाणी भरून कातरीने किंवा दाबयंत्राने ती चेपणं, हे ज्योत न लावता करायचं काम वखारीला जमण्यासारखं आहे. त्यातून निघालेलं पाणी मात्र तेलकट असतं, ते गटारात सोडायचं नाही.

काढलेलं इंधन

स्वच्छ, पारदर्शक, ताज्या वासाचं आणि दोन-तीन महिन्यांच्या आत भरलेलं असेल तर ते बारीक जाळीतून गाळून, पाणी नसल्याची खात्री करून त्याच प्रकारच्या दुसऱ्या गाडीत ताज्या इंधनात थोडं थोडं मिसळता येतं. एका काचेच्या छोट्या बाटलीत नमुना घेऊन दहा मिनिटं स्थिर ठेवा. थर, गढूळपणा, तपकिरी रंग, वार्निशसारखा वास यातलं एकही दिसलं तर वापरू नका. पंप आणि इंजेक्टर बिघडले की वाचलेल्या दोनशे रुपयांचे काही हजार होतात.

खराब निघालेलं पेट्रोल चूल पेटवायला, होळीला, गवत जाळायला, ग्रीसचे हात धुवायला, नटबोल्ट धुवायला घेऊ नका. दरवर्षी घराघरांत याने माणसं भाजतात. जमिनीत ओतलं तर ते विहिरीपर्यंत पोचतं, आणि एकदा विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास लागला की तो पावसाळ्यानेही जात नाही. खराब इंधन हा घातक कचरा आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्याकडे किंवा नोंदणीकृत भंगार केंद्राकडे ते द्यावं. तोवर कॅनवर काय आहे आणि कधी काढलं ते लिहून, घराबाहेर, कुलपात, सावलीत. फ्रिज, इन्व्हर्टर आणि देवघर असलेल्या खोलीत रात्रभरही नको.

काही बिघडलं तर

सांडलं तर आधी पंप थांबवा, कॅन बंद करा, मग वाळू टाका. पाण्याचा पाइप मारू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगत आणखी लांब जातं. भिजलेली वाळू पत्र्याच्या झाकणबंद डब्यात. कपड्यावर सांडलं तर काम तिथेच थांबवा, लांब जाऊन कपड्यांवर पाणी ओता, मग ते काढा आणि अंग साबणाने धुवा. वाळले की चालतील असं म्हणत त्याच कपड्यांत चहाच्या टपरीवर गेलेला माणूस मला माहीत आहे.

डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं वाहतं पाणी, मग डॉक्टर. पोटात गेलं तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका, ताबडतोब दवाखाना. उलटीत ते पुन्हा घशाशी येऊन फुप्फुसात जाण्याची भीती असते.

आग लागली आणि ती ट्रेएवढी असली तर वाऱ्याकडे पाठ करून पावडर ज्वाळेच्या मुळाशी, कडेकडेने. पेटलेला कॅन उचलून पळू नका, पळणारा माणूस आग अंगावर घेतो. एका अग्निशामकात विझली नाही तर माणसं लांब घ्या आणि १०१ किंवा ११२ लावा. गाडी भंगारातलीच होती. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही नको.

खडू

माझ्या खिशात आता कायम पांढरा ऑइल खडू असतो. टाकी उतरवली की तिच्या दोन्ही बाजूंना, आणि टाकी गाडीतच राहिली असेल तर टपावर आणि डिकीवर, मी मोठ्या अक्षरांत तीन ओळी लिहितो. इंधन पेट्रोल की डिझेल. कोणत्या तारखेला काढलं. आणि तिसरी: ‘आत वाफ आहे, कापू नये’. हिंदीतही लिहितो, कारण कटिंगची पोरं बरेचदा उत्तर प्रदेश-बिहारकडची असतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शेजारी ज्वाळेचं चित्र काढून त्यावर फुली मारतो. मग कटिंग करणाऱ्या माणसाला बोलावून टाकी दाखवतो, आणि त्याने ‘कळलं’ म्हटल्याशिवाय घरी जात नाही.